तुझ्या हाताखालून आलेल्या पाठी

हिरामण,

आपलं भांडण मिटलेलं नव्हतं. बायका येतात, माझ्याजवळ बसतात, म्हणतात, बहीणभावाची काय माया होती हो. मी पदर तोंडाला लावून ऐकून घेते. त्यांना काय सांगू, की शेवटचे चार महिने तू माझ्या दारात पाऊल टाकलं नाहीस आणि मी तुझ्या. मध्ये अंतर दोन गल्ल्यांचं. तुझ्या विद्येबद्दलची एक गोष्ट मला ठाऊक होती, तुला नव्हती, आणि ती मी रागानं पोटात ठेवली. तू ती न ऐकताच गेलास. तेरावं झालं, पंगती उठल्या, मोठी पातेली ज्यांची त्यांना परत गेली, आणि आज दुपारी जरा घर रिकामं झालं म्हणून लिहायला बसले आहे.

आपण बोलायचो अहिराणीत, पण तुला लिहायचं म्हटलं की माझ्या हातून पुस्तकातली मराठीच उतरते. तू अमेरिकेत होतास तेव्हाची ती सवय. तू चिडवायचास, अक्का, तुझ्या पत्रातली बाई कुणी दुसरीच वाटते, फार शहाणी. आता तीच शहाणी बाई लिहिते आहे, चालवून घे.

मी पायाळू. जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले, म्हणून आईला किती दिवस धास्ती होती की पोरीवर वीज पडेल. वीज काही पडली नाही, कंबर धरलेली माणसं मात्र दाराशी पडायला लागली. कुणाला उसण भरली, कुणाला वाकता येईना, की आणा त्याला पायाळूकडे. ओट्यावर पालथं झोपवायचं, आणि मी डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेवरून तीनदा फिरवायची. बारा-तेरा वर्षांची असेन. लाज वाटायची, मोठ्या माणसाच्या पाठीला पाय लावायचा म्हणजे काय. रमजान पिंजारी तर माझ्याच वयाचा, दिवसभर कापूस पिंजून त्याची कंबर महिन्याला एकदा तरी धरायची, आणि तो ओट्यावर पडल्या पडल्या मलाच सांगायचा, जोरात दाब, बहेन, मी काही मडकं नाही. तू सात वर्षांचा. सगळी पोरं हसायची, तू हसायचा नाहीस. उकिडवा बसून माझ्या टाचेकडे असा बघायचास की मला गुदगुल्या व्हायच्या. आणि माणूस उठून गेला की तुझा एकच प्रश्न.

"मझार काय व्हस, अक्का?"

आत काय होतं, ते मला काय माहीत. आईला विचार म्हटलं, आईनं देवाकडे बोट केलं. बापूंना विचारलंस, त्यांनी गप बस म्हटलं. तू गप बसलास, पण प्रश्न काही बसला नाही. माझं लग्न याच गावात झालं, सासूबाईंनीही माझ्या पायाला आडकाठी केली नाही, आणि तू शाळेतून सुटलास की माझ्या सासरच्या ओट्यावर हजर. एकदा म्हणालास, मी शिकीन आणि तुझ्या पायाखाली काय होतं ते तुलाच सांगीन. मला हसू आलं होतं. मनातून मात्र इतकं बरं वाटलं होतं, की ते अजून आठवतं.

मॅट्रिक झालास, स्टेशनात कारकुनी लागली, आणि कुठल्याशा वर्तमानपत्रात तू ती जाहिरात वाचलीस. अमेरिकेत एक कॉलेज आहे, तिथं औषध नाही, चाकू नाही, नुसत्या हातांनी पाठीचे मणके जागेवर आणून माणूस बरा करायला शिकवतात. तू पत्र टाकलंस, त्यांचं पुस्तक आलं. पाठीच्या कण्याचं चित्र उघडून तू माझ्यापुढे धरलंस, "हाई देख." मी पाहिलं, मला ती सुताराच्या दुकानात टांगलेली लाकडी माळ वाटली. तुला पाठवायला बापूंनी नदीकाठचं शेत विकायला काढलं. कुणाला पटलं नाही. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दोन्ही शेतं काढा.

तुझी पत्रं सुरुवातीला गुरुजी वाचून दाखवायचे, आमच्या ओट्यावर. पत्र माझं, ऐकायला अख्खी गल्ली. तू लिहिलेलंस, अक्का, इथं फार थंडी आहे आणि मला तुझी आठवण येते, आणि ते गुरुजी दवंडी पिटल्यासारखं मोठ्यानं वाचत होते. मला इतका राग आला. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या पोरीची पाटी मागून आणली. दोन लेकरांची आई, चुलीपुढे बसून क काढते आहे, तुझे दाजी हसून लोळायचे बाकी होते. पण तुझं सहावं पत्र मी स्वतः वाचलं, रामफळाच्या झाडाखाली, एकटीनं. एक ओळ वाचायला घटकाभर लागायची. बरंच झालं, पत्र पुरलं किती दिवस.

त्या पत्रांतून मी तुझ्याबरोबर शिकले म्हटलं तरी चालेल. चोवीस मणके, वरचे सात, मधले बारा, कमरेचे पाच, हे मला गौरीच्या गाण्यासारखं पाठ होतं. तू लिहिलंस की तुमच्या वर्गात बोटांना शिकवायला पुस्तकाच्या पानाखाली डोक्याचा एक केस ठेवतात, आणि डोळे मिटून तो चाचपून काढायचा. मग दोन पानांखाली, मग पाच, मग दहा. तुला पहिला महिनाभर दोनच्या पुढे जाता येईना, रडू यायचं. मी काय केलं सांगू? हे तुला कधी लिहिलं नाही. पंचांगाच्या पानाखाली केस ठेवला, दार लावून घेतलं, आणि डाव्या टाचेनं शोधला. पंचांगाला पाय लावल्याचं पाप लागलं असेल तर लागो. चार पानांपर्यंत मला कळत होता.

आणि ते पत्र, हाताचा सराव दोघादोघांनी करायचा त्याचं. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं मणका बसवायचा. तुझ्या जोडीला कुणी उभं राहीना, सावळ्या माणसाचा हात पाठीवर नको. आठ दिवस तू भिंतीशी उभा राहून नुसता बघत होतास. मग पन्नाशीची एक बाई, शेतकऱ्याची बायको, नवऱ्याच्या कमरेपायी शिकायला आलेली, ती चालत तुझ्यापाशी आली आणि म्हणाली, तू बस माझ्याजवळ. तिला हिरामण म्हणता यायचं नाही, हायरम म्हणायची. तू लिहिलंस, अक्का, तिच्या पाठीवर मी पहिल्यांदा हात ठेवला आणि मणका आपल्या जागी गेलेला मला बोटांना कळला, कवाडाची कडी बसावी तसा. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. त्या बाईला मी रोज तुळशीपुढे हात जोडायची. तिचं नाव मला माहीत नाही, तू लिहिलंस ते माझ्या जिभेला वळलं नाही. आता तिला कोण कळवणार की हायरम गेला.

तीन वर्षं मी टपालवाल्याची वाट बघितली. तेव्हा वाटायचं, यासारखी दुसरी ओढ नसेल. आता कळतं की ती चैन होती. वाट बघायला काही तरी येणार असावं लागतं. आजही तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी हातातलं टाकून ओट्यावर येते, आणि तो बिचारा मान खाली घालून पुढे जातो.

तू परत आलास तो दिवस. नंदुरबारच्या स्टेशनात टोपीवाला कोण उतरला ते मी ओळखलंच नाही, आणि तू वाकून माझ्या पायांना हात लावलास. हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला. सगळे पांगले, जेवणं झाली, आणि मी सुपारी कातरत तुला म्हटलं, सांग आता. तू लगेच ओळखलंस कशाबद्दल ते. किती वर्षं मी थांबले होते, हिरामण. तू माझा हात हातात घेतलास आणि फार हळू आवाजात बोललास.

"तुन्हा पायखाले काहीच व्हत नही, अक्का. मनले वाटस, म्हणून माणूस उठस."

मनाला वाटतं म्हणून माणूस उठतो. तू खरं तेच बोललास असं तुला वाटत होतं. ओरडून बोलला असतास तर मी भांडले असते. तू मऊपणे बोललास, आजारी माणसाला सांगावं तसं. मी सुपारी खाली ठेवली आणि म्हटलं, बरं. त्या एका बऱ्यात माझं किती काय गेलं ते तुला कळलं नाही. तू शिकून आला होतास, एवढं तुला कळायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. वाटणारच.

मग तू सागवानी टेबल करून घेतलंस, तोंडाच्या जागी भोक असलेलं. सुतारानं विचारलं, मढं धुवायला का? गावात तेच पसरलं. तीन आठवड्यांत एक माणूस आला, तेलाच्या घाण्यावरचा. तू त्याच्या पाठीत कट्टकन आवाज काढलास आणि तो सदरा हातात घेऊन गल्लीतून पळत सुटला, "यानी मन्हं हाड मोडी टाकं!" सगळं गाव हसलं. मी हसले नाही. मी तुला खिडकीतून पाहिलं होतं, तू टेबल पुसत बसला होतास. कुणीच त्यावर झोपलेलं नव्हतं, तरी पुसत होतास.

आणि मी ते केलं. दुसऱ्या दिवशी रमजान कंबर धरून आला, तर मी म्हटलं, आधी माझ्या भावाच्या टेबलावर झोपून ये, मगच पाय लावीन. नाहीतर माझा पाय लागू पडणार नाही. तोंडात आलं ते बोलले. रमजान कुरकुरला, पण गेला. मग सगळ्यांना तेच सांगायला लागले. पायाळूचा नेम म्हणून लोकांनी मान्य केलं, नेमाला आपल्याकडे कोण नाही म्हणतं. तुझ्या दाराशी माणसं दिसायला लागली. तळवेकर पाटलांचा म्हातारा आला, गुजर बायका आल्या. तुझा चेहरा उजळला. आईला म्हणालास, लोकांना पटायला वेळ लागतो, पण पटतं. मला इतका आनंद होता की विचारू नकोस. माणसं तुझ्या पुढच्या दारातून बाहेर पडायची आणि गल्ली वळून माझ्या ओट्यावर यायची, हे तुला वर्षभर कळलं नाही.

आता ती गोष्ट. त्या वर्षात मी जितक्या पाठींवर टाच ठेवली, त्या सगळ्या आधीच सुटलेल्या होत्या. धरलेली कंबर माझ्या टाचेला ओळखू येते रे, लहानपणापासून येते. दोराला गाठ असावी तसं मांस एका जागी घट्ट असतं. तुझ्याकडून आलेल्या माणसाला ती गाठच नसायची. पाठ मऊ, लोण्यासारखी. मी नावाला पाय फिरवायची, तो उठून म्हणायचा, अक्का, तुझ्या पायाचा गुण, आणि मी गप्प राहायची. पहिल्यांदा तर धावत येऊन तुला सांगावंसं वाटलं होतं. उंबऱ्यापर्यंत आलेही. मग तुझं ते वाक्य आठवलं, तुन्हा पायखाले काहीच व्हत नही. म्हटलं, काहीच होत नाही ना? मग ज्या पायाखाली काही होत नाही तो साक्ष तरी कशी देणार. परत फिरले.

तुला कळलं ते उन्हाळ्यात. रमजान तुझ्याकडे टोपी विसरला आणि ती द्यायला तू मागोमाग आलास. तो माझ्या ओट्यावर पालथा, माझी टाच त्याच्या कमरेवर. तू टोपी हातात धरून उभा राहिलास. रमजाननं सरळपणानं सगळं सांगून टाकलं, आधी तुझ्याकडे, मग अक्काकडे, असाच नेम आहे ना. तुझ्या तोंडावरचा रंग उतरला.

"मंग मी कसाले गऊ इतला दूर?" एवढंच विचारलंस. मग मी कशाला गेलो इतक्या दूर.

तेव्हा सांगायचं होतं. जिभेवर होतं. हिरामण, याची पाठ बघ, तू सोडवलेली आहे, माझा पाय नुसता वर आहे. एवढं एक वाक्य. आणि मी काय बोलले? "त्यासलेच इचार." त्यांनाच विचार. वर हसलेसुद्धा. तू टोपी ओट्यावर ठेवलीस, नीट ठेवलीस, आणि गेलास.

त्यानंतर तू नंदुरबारात हात लावणं बंद केलंस, आणि मीही रागानं कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. बैलांच्या दमणीत टेबल घालून प्रकाशा गावाला जायचास, तिथून नावेतून तापी उतरून तळोद्याच्या बाजाराला. आईनं विचारलं तर म्हणालास, तिथं अक्काचा पाय कुणाला माहीत नाही, तिथं बरा झाला तर माझ्या हातानं झाला हे तरी कळेल. आईनं मला हे शब्द न शब्द सांगितलं. मला राग आला, मग वाईट वाटलं, मग परत राग आला. म्हटलं, येऊ दे स्वतःहून. पावसाळा संपता संपता तळोद्याकडे थंडीताप पसरला होता, सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

तुला आणलं तेव्हा टेबल दमणीतच होतं आणि तू त्यावर. मी धावत आले, चपलाही घातल्या नाहीत. कोयनेल दिलं, घोंगड्या घातल्या, तुझे पाय माझ्या मांडीवर घेऊन दोन दिवस बसून होते. तू इंग्रजीत बोलत होतास. कुणाशी तरी भराभर, मधेच हसून. एकदा डोळे उघडून मला नीट पाहिलंस, म्हणालास, "अक्का, कवय उनी?" कधी आलीस. मी म्हटलं, मी इथंच आहे. तेव्हाही सांगता आलं असतं. वाटलं, तापात कशाला, बरा झाला की निवांत सांगीन, त्याला नीट कळायला हवं. दुपारी ऊन अंगणात होतं, आई पेज गाळत होती, आणि तू गेलास.

तळोद्याहून दोघं-तिघं आले होते मातीला. पावरा होते, डोंगरातले. त्यांची भाषा मला येत नाही. एकानं स्वतःच्या कमरेला हात लावला, मग तुझ्या हातांकडे बोट केलं आणि रडला. मला वाटलं, चला, तिथं तरी तुला कुणी सांगितलं असेल. की त्याचंही तुला कळलं नव्हतं? तू मला आता काहीच सांगू शकत नाहीस, याची सवय कशी करायची?

काल सकाळी रमजान आला. कंबर धरलेली, भिंतीला हात लावत लावत. सुतकानंतर पहिलाच. माझं मन नव्हतं, पण त्याला बसताही येत नव्हतं. तो पालथा झाला, मी टाच ठेवली. आणि हिरामण, टाचेखाली गाठ होती. मोठी, घट्ट, पूर्वीसारखी. दीड वर्षात मला अशी पाठ लागलीच नव्हती, मी विसरले होते धरलेली पाठ कशी असते ते. मी तीनदा पाय फिरवला. आणखी तीनदा फिरवला. ती हलली नाही. मी पाय काढून घेतला आणि तिथंच ओट्यावर खाली बसले.

रमजान मान वळवून बघायला लागला. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझी कंबर इतके दिवस माझ्या भावानं सोडवली. त्याच्या हातात विद्या होती. माझ्या टाचेला प्रत्येक वेळी कळत होतं.

तो तसाच पडल्या पडल्या म्हणाला, "बहेन, हाई तू त्याले सांगं व्हतं का?"

मी नाही म्हटलं.